बाबली तारीची नोंद

"नाय म्हणजे? नाय कसा आसात?" रुक्मिणी तारीने काउंटरच्या कडेवर दोन्ही हात टेकले. "तू परत एकदा बघ गो बाय. बाबली भिकाजी तारी. रवाक तळाशील."

अनुजाने परत एकदा नाव टाइप केलं. आडनाव आधी घेऊन पाहिलं, मग नुसतं पहिलं नाव. पडद्यावर काही आलं नाही. "आजी, तुमच्या मुलाची नोंदच नाहीये इथे. खलाशी म्हणून कार्ड काढलं होतं का त्यांनी?"

"काडल्यान होता. ह्याच हापिसातसून काडल्यान होता. फोटो काडूक नवो शर्ट घालून इल्लो."

मच्छीमार संघाचं हे कार्यालय ओरोसला, पहिल्या मजल्यावर. संघाला त्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि समुद्रावर गेलेल्या खलाशांच्या नावांची एक शिला मालवणच्या किनाऱ्यावर उभी करायचं ठरलं होतं. गेल्या तीस वर्षांतली अडतीस नावं संगणकातून काढून बाहेरच्या फलकावर लावली होती. कुणाची हरकत असेल तर आठ दिवसांत कळवा, असं खाली लिहिलं होतं. रुक्मिणी सहाव्या दिवशी आली होती, दोन एसट्या बदलून.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला आवक-जावकच्या टेबलावर वेरोनिका सोज पत्रांवर शिक्के मारत होती. तिने शिक्का खाली ठेवला. काउंटरवरच्या बोलण्यात पडायचं नाही असा तिने स्वतःला घालून घेतलेला नियम होता, पाच वर्षं पाळलेला. पण म्हातारीच्या तोंडचं 'नवो शर्ट' ऐकून ती उठली.

"काकी, होडी खंयची?"

"सातेरीप्रसाद."

"बुडली ती? निवतीच्या खडकाकडे?"

"तीच. बारा वर्सां झाली. तांडेल गेलो, रामा गेलो, माझो बाबली गेलो. चवथो तेवडो वाचलो, तो आता गोव्याक आसता. तांडेलाचा आणि रामाचा मढा गावला तरी. माझो गावाकच नाय."

वेरोनिका बाहेर जाऊन फलकासमोर उभी राहिली. यादीत तांडेलाचं, म्हणजे होडीच्या मुख्य नाविकाचं, नाव नव्हतं. रामाचंही नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि विसाव्या नावाशी तिचं बोट थांबलं. ही सगळी माणसं होडीवरून पडलेली, दोरात अडकून गेलेली, छातीत कळ येऊन गेलेली होती. त्यांच्या होड्या परत किनाऱ्याला आल्या होत्या. होडीसकट गेलेला एकही माणूस त्या यादीत नव्हता.

*

वेरोनिका संघात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. कणकवलीला शनिवार-रविवार जाऊन तिने संगणकाचा कोर्स केला आणि पुढे, कुणी सांगितलं नसताना, संघाची सगळी नोंदवही संगणकात उतरवली. तिची रचना साधी होती. एका तक्त्यात होड्या. दुसऱ्या तक्त्यात माणसं. आणि तिसऱ्या तक्त्यात त्या दोघांचा संबंध: कुठला माणूस, कुठल्या होडीवर, कधीपासून कधीपर्यंत. रिलेशनल पद्धत म्हणतात ती हीच, हे तिला कोर्समध्ये कळलं होतं. पण खरं तर तिच्या वडिलांच्या दुकानातही तीन वह्या होत्या आणि ते अशाच पद्धतीने एका वहीतून दुसरीत बोट सरकवत जायचे. अठरा वर्षं तिने ते तक्ते सांभाळले.

तक्रार एकच यायची. एका होडीची सगळी माहिती बघायची तर दहा ठिकाणांहून गोळा करावी लागे. "बाई, होडी अशी तुकड्यातुकड्यात काय ठेवलीय?" असं एका अध्यक्षांनी भर सभेत विचारलं होतं. मग पुण्याच्या एका कंपनीने नवी प्रणाली आणली. त्यात प्रत्येक होडी ही एक अखंड वस्तू होती. ते लोक तिला ऑब्जेक्ट म्हणत. नावावर बोट ठेवलं की इंजिन, जाळी, परवाना, मालक, खलाशी, सगळं तिच्या पोटातून बाहेर येई. सभेत टाळ्या पडल्या. वेरोनिकाला आवक-जावकचं टेबल मिळालं.

त्या टेबलावरून उठून ती आता अनुजाच्या खुर्चीमागे उभी राहिली. अनुजा त्याच कंपनीची. ती कुडाळची, अठ्ठावीस वर्षांची, दर महिन्याला चार दिवस ओरोसला येणारी.

"अनुजा, होडीची नोंदणी रद्द झाली की तुमच्याकडे काय होतं?"

"ती होडी काढून टाकतो. म्हणजे त्या ऑब्जेक्टमधलं सगळं..." अनुजाचं बोलणं तिथेच थांबलं. तिने वळून वेरोनिकाकडे पाहिलं. "बाई, खलाशी होडीच्या आतच ठेवलेत."

"होडी बुडली की नोंदणी रद्द होते," वेरोनिका म्हणाली. "आणि जुन्या होड्या तुम्ही आणल्याच नाहीत. चालू होत्या तेवढ्याच आणल्या."

"आणि ही अडतीस?"

"ज्यांच्या होड्या अजून चालू आहेत, ते."

रुक्मिणी दोघींच्या तोंडाकडे बघत होती. "काय झाला गो?"

"काकी, तुमी उद्या येव नकात," वेरोनिकाने तिचा हात धरला. "मी शोधून काडतंय. माझ्याकडे जुनी वही आसा. मी स्वतः तुमका कळवतलंय."

*

जुन्या तक्त्यांची प्रत वेरोनिकाच्या कपाटात होती. कंपनीने ती मागितली नव्हती आणि तिने ती टाकली नव्हती. अनुजाने दुपारभर खटपट करून ती उघडली. संध्याकाळच्या आत एकोणीस बुडालेल्या होड्या आणि त्यांच्यावरची एकतीस माणसं सापडली. प्रत्येकाचं गाव, वडिलांचं नाव, गेल्याची तारीख. माणसांचा तक्ता वेगळा असल्यामुळे होडी गेली तरी माणूस मागे राहिला होता.

सचिव नुरुद्दीन काझी स्वतः टेबलापाशी आले. ते खारेपाटणचे, कमी बोलणारे. त्यांनी छापलेली यादी दोनदा वाचली.

"सोजबाई, ही एकतीस माणसं वगळून आपण शिला बसवली असती," ते म्हणाले. "लोकांनी आपल्याला तोंड दाखवू दिलं नसतं. निवृत्तीला तुमचं दीड वर्ष राहिलंय ना? उद्यापासून नोंदणीचं टेबल तुमच्याकडे. मी अध्यक्षांशी बोलतो."

वेरोनिकाने मान हलवली. मग चष्मा काढून पुसायला घेतला. पाच वर्षांत त्या तक्त्यांबद्दल कुणी चांगला शब्द बोललं नव्हतं.

यादीत तांडेल होता, रामा होता. बाबली तारी तिला दिसला नव्हता, पण एकतीस नावांच्या धांदलीत आपल्या नजरेतून सुटला असेल असं तिला वाटलं. सगळे उठल्यावर तिने माणसांच्या तक्त्यात नाव टाकलं.

बाबली भिकाजी तारी, तळाशील. एकच ओळ आली. हयात. होडी वेगळीच, तीही पुढे मोडीत निघालेली. कार्डाचं नूतनीकरण अपघातानंतर सहा महिन्यांनी. आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'अपघाताच्या पंचनाम्यावरून मृत्यूची नोंद चुकीने झाली होती. व्यक्ती समक्ष हजर. मृत्यूची नोंद व सातेरीप्रसादवरील नोंद रद्द. वे. सो.'

वे. सो. म्हणजे ती स्वतः.

तिला तो दिवस आठवला. काउंटरपलीकडे एक उंच, काळासावळा तरुण हसत उभा होता. "बाय, मशीन म्हणता मी मेलंय. मग ह्यो हय उभो आसा तो कोण?" अख्खं ऑफिस हसलं होतं. तीही हसली होती, वरमून. त्याची माफी मागून तिने तिथल्या तिथे नोंद दुरुस्त केली आणि त्याच्यासाठी चहा मागवला. या नावाचा दुसरा कुणी आहे का, हे तिने विचारलं नाही. विचारायचं मनातच आलं नाही. कारण तिच्या रचनेचा पायाच तो होता. नाव, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं की माणूस एकच. एकाच माणसाची दोन कार्डं निघू नयेत म्हणून हा नियम तिनेच घातला होता, आणि दरवर्षी मार्चमध्ये अशा दुबार ओळी शोधून ती एकीत मिसळून टाकायची. त्याचा अहवालही द्यायची. एका वर्षी त्याबद्दल तिचं कौतुक झालं होतं.

तळाशीलला दोन भिकाजी तारी असू शकतात आणि दोघांच्या मुलांचं नाव बाबली असू शकतं, एवढंच तिने धरलं नव्हतं.

तिने पडदा बंद केला. शेवटच्या एसटीच्या आधीची मिळाली. कसालपर्यंत ती उभीच होती, मागे जागा रिकामी असताना.

*

"कोणाक कळतला?" बाबुश म्हणाला. तिचा नवरा. एसटीत तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेला, साधा माणूस. अंगणात तो गळाच्या दोऱ्या गुंडाळत बसला होता. "यादी तुझ्याच हातात आसा मा? एक नाव वाडव. म्हातारेचा काम झाला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"अठरा वर्सांत किती ओळी एकात घातलंय ठावक आसा? एकशे बारा. त्यांतले किती खरेच एक आणि किती दोगे, माका काय म्हायत?"

बाबुशने दोरी मांडीवर ठेवली. "वेरोनिका, पाच वर्सां तुका कोपऱ्यात बसवल्यानी. तू जेवताना रडलंस ता मी बघलंय. आज पयल्यांदा तुका कोण बरा म्हटल्यान. आणि तू उद्या जावन सांगतलंस, माझ्या वहीतय माणसां मेली म्हणान?"

ती जेवण वाढायला उठली. त्याने तिला ताटं घ्यायला मदत केली. जेवताना मासळीचा काटा काढून देताना तो हळूच म्हणाला, "सांग. तुका झोप येवची नाय नायतर."

*

नुरुद्दीन काझींनी सगळं ऐकून घेतलं. वेरोनिका उभी राहूनच बोलली. अनुजा बाजूला होती. तिनेही ऐकावं असं वेरोनिकाचंच म्हणणं होतं.

"म्हणजे नवी यादी चुकीची," साहेब सावकाश म्हणाले, "आणि जुनीही भरवशाची नाही."

"नाही, साहेब. होडीबरोबर गेलेली माणसं जुनीत आहेत, पण एका नावाची दोन माणसं असतील तर त्यातला एक मी पुसलेला असू शकतो. एकशे बारा जागी."

"अध्यक्षांना मी काल रात्रीच फोन केला होता तुमच्या टेबलाबद्दल."

"त्यांना खरं ते सांगा."

साहेबांनी यादी घडी करून खणात ठेवली. मग त्यांनी शिलेचा कार्यक्रम महिनाभर पुढे ढकलल्याचं पत्र काढायला सांगितलं. टेबलाबद्दल ते काही बोलले नाहीत आणि वेरोनिकानेही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर अनुजा तिच्यामागून आली. "बाई, आमच्या प्रणालीत हे झालं नसतं," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन गडबडली. "म्हणजे तसं नाही. आमच्यात प्रत्येक वस्तू ही स्वतंत्र असते. दोन वस्तूंचं सगळं सारखं असलं तरी त्या दोनच राहतात. फक्त आम्ही माणसाला वस्तू केलंच नाही. त्याला होडीचा भाग केलं."

"आणि मी त्याला वेगळा ठेवला, पण नावावरून ओळखला." वेरोनिका जिन्यात थांबली. "तुझ्याकडचं ते आणि माझ्याकडचं हे एकत्र येईल?"

पुढच्या दोन आठवड्यांत दोघींनी नवी मांडणी केली. प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशीच एक क्रमांक. त्यात नावाचं अक्षर नाही, गावाचं नाही. तो कधी बदलायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. माणूस अखंड, त्याचं जे आहे ते त्याच्यापाशी, अनुजाच्या पद्धतीने. होडी तशीच अखंड. आणि दोघांच्या मधे वेरोनिकाचा तिसरा तक्ता, कोण, कशावर, कधीपासून कधीपर्यंत. होडी मोडली, बुडली, विकली, तरी तिच्या ओळीवर तारीख पडेल, पुसलं काही जाणार नाही. बघणाऱ्याला होडी उघडली की माणसं दिसतील, आणि माणूस उघडला की त्याने आयुष्यात काम केलेल्या सगळ्या होड्या. अनुजाला वाटलं होतं बाईंना समजावून सांगावं लागेल. प्रत्यक्षात अनुजाच प्रश्न विचारत राहिली. एकदा वेरोनिकाने तिला विचारलं, माणसाला जन्मभर होडी मिळालीच नाही तर? अनुजा म्हणाली, "तरी तो असेल." वेरोनिकाने ते वहीत लिहून घेतलं.

एकशे बारा ओळी मात्र संगणकात बसून सुटणाऱ्या नव्हत्या. वेरोनिका गावोगाव गेली. तळेऱ्याला गाडी बदलून विजयदुर्गाकडे, देवगडला, खाली वेंगुर्ल्यापर्यंत. घराघरांत विचारलं. बहुतेक ओळी खरंच दुबार निघाल्या. सात जागी माणसं दोन निघाली. त्यातली दोन गेलेली. एक विजयदुर्गाकडचा, त्याच्या घरी आता कुणी नव्हतं. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून कळलं.

दुसरा रुक्मिणीचा बाबली.

*

तळाशीलला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या वाळूच्या पट्टीवर रुक्मिणीचं घर. ती पडवीत सुकट पाखडत होती. वेरोनिकाला बघून तिने सूप बाजूला केलं. "गावलो?"

"गावलो, काकी." वेरोनिका तिच्यासमोर खालीच बसली. वाटेत जुळवून आणलेलं सगळं वाक्य ती विसरली. "तेचा नाव वहीत होता. मीच पुसलंय."

रुक्मिणीने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

वेरोनिकाने सगळं सांगितलं. तो दुसरा बाबली, काउंटरवरचं हसणं, चहा, शेरा. काही लपवलं नाही.

"तो भिकल्याचो बाबली," रुक्मिणी शेवटी म्हणाली. "वरच्या वाडीतलो. माझो गेलो तेवा सगळ्यांच्या आदी पाण्यात उडी मारून शोधूक गेल्लो तो. तीन दिवस शोधी होतो." मग तिने विचारलं, "तो जिवंत आसा म्हणान तू हसलंस?"

"हसलंय."

"सगळीच हसली?"

"सगळीच."

म्हातारीने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग दुसरा. शिव्या दिल्या असत्या तरी तिला चाललं असतं.

"माका वाटला, माझ्याच चुकीन गेला," रुक्मिणी म्हणाली. "तेवा मी कागद घेवन खंयच गेलंय नाय. गावाक नाय मा, मगे मेलो म्हणान कसा लिवून देव? दोन वर्सां तेका जेवण वाडून ठेवी होतंय. माका वाटला, आवशीनच लिवून देवक नाय, म्हणान हापिसात नाव नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "माझी चूक न्हय मगे ती."

"न्हय. माझी."

"हां."

तिने त्याहून जास्त काही म्हटलं नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. उठून आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. वेरोनिकाने ते प्यायल्यावर तिने विचारलं, "आता दोगांत फरक कसो करतलंस?"

"प्रत्येकाक येगळो नंबर दिलो आसा."

"दगडार नंबर घालतलंस?"

"नाय. दगडार नाव."

"मगे भिकल्याच्या बाबलीक लोक जिवंतपणी मारतले. गावात सगळी वाचतली, बाबली भिकाजी तारी. तेची दोन लहान चेडवां आसत." रुक्मिणीने विचार केला. "आवशीचा नाव घालूक जाता?"

वेरोनिकाच्या वहीत आईच्या नावाचा रकाना कधीच नव्हता. अनुजाच्या प्रणालीतही नव्हता. "जाता," ती म्हणाली. "सगळ्यांचाच घालतंव."

*

शिलेवर एकाहत्तर नावं आली. विजयदुर्गाकडच्या माणसाच्या आईचं नाव कुणालाच सांगता आलं नाही, त्याच्या ओळीत तेवढी जागा कोरी राहिली. नोंदणीचं टेबल अध्यक्षांनी अनुजाने शिकवलेल्या एका नव्या मुलीला दिलं. काझीसाहेबांनी वेरोनिकाची खुर्ची मात्र त्याच टेबलाशी लावून घेतली, एवढं त्यांच्या हातात होतं.

कार्यक्रम सकाळी झाला. भाषणं झाली, फुलं वाहिली, माणसं उन्हाला कंटाळून पांगली. मंडपवाले खुर्च्या उचलायला लागले. वेरोनिका निघणार तेवढ्यात तिला शिलेपाशी रुक्मिणी दिसली. कोरीवकाम दोन दिवसांपूर्वीच संपलं होतं आणि अक्षरांच्या खाचांत दगडाची पांढरी भुकटी अजून तशीच होती. म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती भुकटी काढत होती. बाबली रुक्मिणी भिकाजी तारी. तिला वाचता येत नव्हतं, नाव कुठलं ते तिने कुणाला तरी विचारून घेतलं असणार. ती ओळ स्वच्छ झाल्यावर ती थांबली नाही. तिने खालची ओळ घेतली, मग तिच्या खालची. वाकता येईल तिथपर्यंत खालची सगळी केली आणि मग वरची, हात पोचतील तिथपर्यंत. ती माणसं कोण, कुठल्या गावची, तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

वरच्या चार ओळींपर्यंत तिचा हात पोचेना. तिने टाचा उंचावून पाहिलं आणि मागे वळून वेरोनिकाकडे बघितलं.

वेरोनिकाने चपला काढल्या, चौथऱ्यावर चढली आणि आपल्या रुमालाने वरच्या ओळी पुसायला लागली, डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर.